फणसाची डहाळी आणि करडाचे वजन
(वनस्पतिजन्य खाद्यपूरकांच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

आषाढात मालवण-कुडाळच्या कुठल्याही वाडीत शिरा. बाहेर पावसाची झोड उठलेली असते. आत मांगराच्या वाशाला सुंभाने फणसाची डहाळी उलटी टांगलेली असते आणि दोन-तीन करडे मागच्या पायांवर उभी राहून तिची पाने ओढत असतात. कोयतीने ताज्या तोडलेल्या देठातून पांढरा चीक ओघळत असतो, करडांच्या ओठांना लागत असतो. त्याचे त्यांना काही नसते. अशाच एका मांगरात मी घरच्या काकींना विचारले होते, "काकीनू, फणसाचोच पालो कित्याक घालतास?" उत्तर आले, "आवडीन खातत म्हणान. आणि जंत पन कमी होतत."

या उत्तरातला दुसरा भाग खरा की खोटा, खरा असेल तर कशामुळे, हे शोधणे म्हणजे ही विद्याशाखा. पुढे जे काही वाचाल ते शेवटी या एका वाक्याशी येऊन थांबते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

आधी शब्द नीट समजून घेऊ. खाद्यपूरक म्हणजे चारा नव्हे आणि खुराकही नव्हे. जनावराचे पोट त्याने भरायचे नसते. किलोभर खाद्यात काही ग्रॅम, कधी त्याहूनही कमी, असे ते मिसळतात. पचनाची दिशा थोडी वळावी, पोटातल्या सूक्ष्मजीवांचा तोल बदलावा, जंतांना अडथळा व्हावा, भूक वाढावी किंवा खाल्लेल्या प्रथिनाचा जास्त भाग अंगी लागावा, एवढ्यासाठी. ते वनस्पतीपासून आलेले असेल, म्हणजे पान, साल, बी, तेल, अर्क यांपैकी काही असेल, तर ते वनस्पतिजन्य. ओवा, लसूण, हिरडा, रिठा, मेथी ही आपल्या घरातली नावे या शास्त्राच्या निबंधांत सतत भेटतात, आणि नव्या विद्यार्थ्याला तिथेच धीर येतो.

शेळ्या-मेंढ्यांपुरता पाहिला तर हा अभ्यास प्रामुख्याने कोकरांवर झालेला आहे आणि मी तर लिहितो आहे सिंधुदुर्गातून, जिथे मेंढी जवळजवळ नाही. त्याचे कारण लपलेले नाही. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, चार महिने ओली जमीन, भिजलेली लोकर आणि कुजणारे खूर. दख्खनी मेंढी ही घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या माळाची, आणि जत तालुक्यातली उंच, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढीही तिकडचीच. धनगरांचे काही वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसे घेतात आणि पावसाआधी परत वर चढतात. मेंढपाळाने शेकडो वर्षे चालत जाऊन काढलेला हा निष्कर्ष आहे: कोकणचा उन्हाळा मेंढीला मानवतो, पावसाळा नाही.

आपल्या जिल्ह्याचे जनावर शेळी. तिची इथली जात म्हणजे कोकण कन्याळ. काळे अंग, लांब पाय, तोंडाच्या दोन्ही बाजूंना नाकपुडीपासून कानापर्यंत गेलेले पांढरे पट्टे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कुडाळ तालुक्यातील निळेली प्रक्षेत्रावर तिचे संगोपन आणि अभ्यास झाला आणि राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून तिची नोंद झाली. त्यामुळे कोकरांवर निघालेले निष्कर्ष आपण करडांना लावायला जातो, आणि तिथेच पहिली सावधगिरी हवी. मेंढी गवत खाणारी, मान खाली घालून चरणारी. शेळी पाला खाणारी, मान वर करणारी. शेळीचे यकृत कित्येक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, म्हणून मेंढीची मात्रा शेळीला अपुरी पडते, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. कारखान्यात बनलेल्या औषधाची ही गत, तर पानाफुलांतल्या द्रव्यांची मात्रा एकीवरून दुसरीवर सरळ कशी उचलता येईल?

या विषयाचा पाया करडाच्या पोटात आहे. शेळी-मेंढीला चार कप्प्यांचे पोट असते असे आपण शाळेत शिकतो. जन्मलेल्या पिल्लाला चारही कप्पे असतात हे खरे, पण कामाचा एकच असतो, चौथा. दूध चोखताना अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या तीन कप्प्यांना वळसा घालून थेट चौथ्यात उतरते. पहिला कप्पा, ज्याला कोटीपोट म्हणतात, तो तेव्हा एक पातळ, गुळगुळीत पिशवी असतो. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लू इकडेतिकडे तोंड घालू लागते, आईच्या तोंडातले पान ओढते, खुराकाचे दोन दाणे चघळते. त्याबरोबर सूक्ष्मजीव आत जातात, दाण्यांचे किण्वन होते, त्यातून निघणाऱ्या आम्लांनी, विशेषतः ब्युटिरिक आम्लाने, पिशवीच्या आतल्या भिंतीवर बारीक मखमलीसारखे अंकुर उगवतात. दोन-अडीच महिन्यांत त्या पिशवीची भट्टी झालेली असते.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की तीन आठवड्यांच्या कोकराला दिलेला ओव्याचा अर्क आणि तीन महिन्यांच्या कोकराला दिलेला तोच अर्क ही दोन वेगळी पूरके आहेत. पहिल्याच्या बाबतीत तो दुधाबरोबर थेट आतड्याकडे जातो, दुसऱ्याच्या बाबतीत त्याला आधी कोट्यवधी सूक्ष्मजीवांची वसाहत ओलांडावी लागते. पुष्कळ परस्परविरोधी निबंधांचा उलगडा कोकराचे वय पाहिले की होतो. शिवाय ही वसाहत बसत असताना केलेला हस्तक्षेप पुढे टिकतो असेही दिसले आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१३ साली करडांवर हे दाखवले: लहानपणी कोटीपोटातला मिथेनवायू कमी करणारे रसायन दिले, दूध तुटल्यावर बंद केले, तरी परिणाम नंतर काही काळ राहिला. ते रसायन वनस्पतिजन्य नव्हते. वनस्पतिजन्य द्रव्याने तसे होईल का, हा आज या क्षेत्रातला मला सर्वात आकर्षक वाटणारा प्रश्न आहे.

या शास्त्राला एवढी गती कशामुळे आली? प्रतिजैविकांमुळे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लक्षात आले की खाद्यात प्रतिजैविकाचा अंश मिसळला की कोंबड्या आणि डुकरे भराभर वाढतात. पुढची काही दशके जगाने आजारी नसलेल्या जनावरांना औषध खाऊ घातले. औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढू लागले तसे देश मागे फिरले. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला, संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायांतले औषध जनावरांच्या खाद्यातून हद्दपार केले. रिकामी झालेली जागा भरायला लोक वनस्पतींकडे वळले. त्या घाईत पुष्कळ कच्चे दावेही बाजारात आले. डब्यावर 'नैसर्गिक' छापले की शेतकऱ्याचा विश्वास बसतो, आणि त्या विश्वासाला जागणे ही आपल्यासारख्यांची जबाबदारी आहे.

आता फणसाकडे परत. फणसाच्या पानात टॅनिन असते. कच्चे काजूचे बोंड खाल्ल्यावर तोंडाला जी तुरट मिठी बसते ती टॅनिनचीच. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते. कोटीपोटातही ते हेच करते. तिथला सामू सहा-सातच्या आसपास असतो, तेव्हा टॅनिन खाद्यातल्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवते आणि सूक्ष्मजीवांना ते फोडू देत नाही. ही जोडी पुढे चौथ्या कप्प्यात पोचते. तिथे सामू साडेतीनच्या खाली, तीव्र आम्ल. पकड सुटते, प्रथिन मोकळे होते आणि लहान आतड्यात पिल्लाच्या अंगी लागते. वाढत्या जिवाला याहून चांगले काय हवे? न्यूझीलंडच्या मेंढ्यांवर लोटस नावाच्या चाऱ्याने हे बारकाईने तपासले गेले. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने, जिचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला, वडा-पिंपळाच्या कुळातल्या पाखरीची आणि पेरूची पाने कोकरांना देऊन वाढ आणि जंत यांचा अभ्यास केला. ढोबळमानाने खाद्याच्या शुष्क भागात दोन ते चार टक्के टॅनिन हितकारक. पाच-सहाच्या पुढे गेले की पिल्लू खाणेच कमी करते आणि पचनही मंदावते. पान तेच असते. प्रमाण ओलांडले की ते उपकार करायचे थांबते.

आणि जंत? करडांना सर्वात जाच देणारा जंत म्हणजे चौथ्या कप्प्यात राहणारा, रक्त पिणारा हिमाँकस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त ओढतो. हजार जंत असले तर पन्नास मिलिलिटर. दहा किलोच्या करडाच्या अंगात सारे मिळून सात-आठशे मिलिलिटर रक्त असते, हे लक्षात घेतले की श्रावणात करडाची पापणी ओढून पाहिल्यावर आत पांढरी का दिसते आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी का लोंबते ते कळते. टॅनिनयुक्त पाला दिल्यावर लेंडीतली जंतांची अंडी कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मग काकींचे म्हणणे सिद्ध झाले?

अजून नाही, आणि हीच जागा मला वाचकाला थांबून पाहायला लावायची आहे. हिमाँकसच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, त्याहून वर क्वचितच. वाशाला टांगलेल्या डहाळीवर अळी असणार नाही. म्हणजे फणसाचा पाला खाणाऱ्या करडाला जंत कमी होतात ते पानातल्या टॅनिनमुळे, की ते करडू तेवढा वेळ ओल्या गवतावर चरले नाही म्हणून? दोन्ही कारणांचे फळ एकच दिसते. ती वेगळी काढण्याची एक सुंदर युक्ती या शास्त्रात आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचे एक निरुपद्रवी द्रव्य टॅनिनला प्रथिनापेक्षा जास्त आवडीने चिकटते. दोन गटांना तोच पाला, त्याच वाशाला टांगून द्यायचा, एका गटाला सोबत हे द्रव्य. ज्या गटाचे टॅनिन असे बांधले गेले त्याच्यात जंत पुन्हा वाढले तर श्रेय टॅनिनचे. दोन्ही गट सारखेच राहिले तर श्रेय सुंभाचे आणि वाशाचे. दोन्ही उत्तरे शेतकऱ्याच्या कामाची आहेत, म्हणून मला हा प्रयोग फार प्रिय आहे.

सुगंधी तेलांबद्दल थोडक्यात. ओव्यातले थायमॉल, लसणातली गंधकाची संयुगे कोटीपोटातल्या ठराविक जिवाणूंना मागे सारतात, म्हणून मिथेनवायू घटू शकतो. इज्जतनगरलाच हिरडा आणि लसूण मेंढ्यांना देऊन मिथेन मोजला गेला. त्या कामाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हिरडा वाचून मला आमच्या घरची बाळगुटी आठवली. सहाणेवर मुरुडशेंगेचे वेढे, हिरड्याचे तोंड, वेखंड, हळकुंड, कुड्याचे पाळ, एकेकाचे मोजून वळसे. आजी म्हणायची, वेखंडाचा एकच वळसा, मुरुडशेंगेचे तीन. करडाला हगवण लागली की तीच सहाण पुढे यायची. बाळगुटीचा सगळा जीव त्या मोजलेल्या वळशांत आहे. झाडांची नावे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. वळसे कितीचे, ते लिहून ठेवणारी फार थोडी. आमच्याकडची लोकपशुवैद्यकाची माहिती गोळा करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी झाडाच्या नावापाशी थांबू नये, आधी मात्रा विचारावी.

सिंधुदुर्गाने जगाला देण्यासारखी गोष्ट मात्र मला काजूत दिसते. वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे, त्याने काढलेली काजूची कलमे देशभर गेली. जिल्ह्यात गावोगाव काजूचे कारखाने आहेत. तिथे बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, कारण टरफलातले तेल कातडी जाळते. त्या तेलाचा मोठा भाग म्हणजे ॲनाकार्डिक आम्ल. जपानी संशोधकांनी २०१० च्या सुमारास दाखवले की कच्चे टरफलतेल अगदी थोड्या प्रमाणात दिले तर कोटीपोटातला मिथेन घटतो आणि प्रोपिओनिक आम्ल वाढते, म्हणजे वायू होऊन उडून जाणारी ऊर्जा जनावराच्या उपयोगी येते. पण त्यात एक मेख आहे. तेल तापवले की ॲनाकार्डिक आम्लाचे कार्डानॉल होते आणि तो गुण बराचसा जातो. आपल्याकडे बी भाजून किंवा वाफवून फोडतात, टरफले पुढे भट्टीत जळतात. म्हणजे कुठल्या पायरीवरचे तेल कसे निघाले यावर सारे अवलंबून. जे द्रव्य बाईच्या बोटाला फोड आणते ते दोन महिन्यांच्या करडाला कसे, किती, कशात गुंडाळून द्यायचे, हे ठरवायला धीर लागेल आणि करडाविषयी कळवळा लागेल. घरच्या घरी टरफले कुटून खुराकात घालण्याचा विचारही कोणी करू नये.

वनस्पतीचा गुण एकट्या वनस्पतीत नसतो, तो खाणाऱ्याच्या पोटातल्या वस्तीवरही अवलंबून असतो. याची माझी आवडती कथा सुबाभळीची आहे. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर हे झाड पोचवले. प्रथिनाने भरलेला पाला, पण त्यात मिमोसिन. जास्त खाल्ले की केस गळतात, मेंढीची तर लोकरच सुटून येते, आणि त्यापासून बनणाऱ्या द्रव्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियातली गुरे आजारी पडत होती. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला दिसले की हवाई बेटावरच्या शेळ्या तोच पाला मनसोक्त खातात आणि धडधाकट राहतात. त्या शेळ्यांच्या कोटीपोटात ते विष फोडणारा जिवाणू होता. त्यांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजला, आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्सच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव मिळाले. एका बेटावरच्या शेळ्यांनी दुसऱ्या खंडातल्या गुरांना वाचवले.

इकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. एका कासेला दोन कोकरे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दूध कमी. तिथे पूरकांच्या अभ्यासाला खरे काम आहे. पण क्रम चुकू नये. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात आईचा चीक पाजलेला नसेल, आंत्रविषाराची लस वेळेवर टोचलेली नसेल, गोठ्यात पाय भिजत असतील, तर कुठलीही पावडर करडाला वाचवणार नाही.

मोजमापाबद्दल एक अनुभव सांगतो. एका शेळीपालकाने मला खात्रीने सांगितले की ओवा सुरू केल्यापासून करडे झपाट्याने वाढताहेत, हगवण थांबली आहे. मी त्याचा गोठा पाहिला. त्याच महिन्यात त्याने जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचा माच बांधला होता, करडे कोरडी झोपत होती आणि लेंड्या फटींतून खाली पडत होत्या. तो माणूस खोटे बोलत नव्हता. ओवा रोज त्याच्या हाताने जात होता, माच एकदाच बांधून झाला होता, म्हणून त्याला ओवा आठवला. मीही त्या दिवशी वहीत आधी ओवाच लिहिला होता. माच नंतर समासात लिहिला. आज त्या पानाकडे पाहताना वाटते, समासातली ओळ वर यायला हवी होती.

म्हणून जुळणाऱ्या वयाची, जुळणाऱ्या आयांची करडे दोन गटांत वाटावीत. वजन सकाळी, उपाशीपोटी, चारा-पाणी देण्याआधी, दर वेळी त्याच काट्यावर करावे. कारण भरलेल्या कोटीपोटाचेच वजन इतके असते की आठवड्याभराची वाढ त्यात बुडून जाते. पाला कुठल्या झाडाचा, कोवळा की जून, कुठल्या महिन्यात तोडला, ताजा दिला की सुकवून, हे लिहावे. चैत्रातले कोवळे पान आणि भाद्रपदातले राठ पान यांत टॅनिन सारखे नसते. नर किती, माद्या किती, जुळी किती, तेही लिहावे. यातल्या कशालाही महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लेंडीतली अंडी मोजायला एक सूक्ष्मदर्शक, खाचांची काच आणि मिठाचे संपृक्त पाणी पुरते, आणि ते कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बसूनही करता येते.

मालवणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली करडे तेव्हा तीन-चार महिन्यांची असतात, नुकतीच दुधावरून सुटलेली, पहिल्यांदाच ओल्या गवताला तोंड लावणारी. त्यांची पहिली वजने आणि लेंडीतली पहिली मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाली पाहिजे, फणसाची पहिली डहाळी वाशाला टांगण्याच्या आधी.